नियमातली ‘व्यक्ती’ किती वर्षांची?



काही वर्षांपूर्वीची, फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. आमच्या महाविद्यालयात तालुक्यातील शाळांचे विज्ञान प्रदर्शन भरले होते. भौतिकशास्त्राच्या टेबलावर मी आवाजाची पातळी मोजण्याचे यंत्र मांडून बसलो होतो. मुले येत, यंत्रासमोर जोराने ओरडत, आकडा किती चढला ते पाहत आणि हसत पुढे जात. नववीतील एक मुलगी मात्र ओरडली नाही. तिने विचारले, “सर, हे यंत्र दोन दिवस आमच्या शाळेत नेता येईल का?”

तिच्या शाळेला लागूनच एक मंगल कार्यालय होते. मुहूर्त साडेबाराचा असो की पावणेएकचा, वाजंत्री अकरापासूनच सुरू होई. “गणिताच्या तासाला बाई शिकवतात आणि आम्ही नुसते त्यांच्या ओठांकडे पाहतो,” ती म्हणाली. मग जरा थांबून तिने दुसरा प्रश्न विचारला. “मोजल्यावर तक्रार आम्ही केली तर चालते का? की ती मोठ्यांनीच करायची असते?”

मी काय उत्तर दिले ते सांगायला आज संकोच वाटतो. मी म्हणालो, “अगं, तू आधी दहावी हो. तक्रारी करायला मोठी माणसे आहेत.” ती काही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेली.

त्या रात्री मला ते वाक्य बोचत राहिले. वर्गात मी शिकवतो की तापमापी कोणाच्या हातात आहे हे पाऱ्याला कळत नाही. सहा वर्षांच्या मुलाने धरली काय आणि साठ वर्षांच्या प्राध्यापकाने धरली काय, पारा तेवढाच चढतो. मग मोजणाऱ्याचे वय विचारणारा मी कोण? शिवाय तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला ठाऊकच नव्हते. म्हणून मी ते शोधायला बसलो.

नियम काय म्हणतो?

आपल्या देशात १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याच्या आधारे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम करण्यात आले. शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर या नियमांनुसार ‘शांतता क्षेत्र’ म्हणून जाहीर करता येतो. तेथे सकाळी ६ ते रात्री १० या वेळात आवाजाची मर्यादा ५० डेसिबल आणि रात्री ४० डेसिबल आहे.

नियमांतील सातवा नियम तक्रारीविषयी आहे. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून अधिक असेल, तर संबंधित अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. कोणाला? त्या जागी नियमात एक साधा शब्द आहे : व्यक्ती. सज्ञान व्यक्ती नव्हे, मतदार नव्हे, घरमालक नव्हे, नुसती व्यक्ती. मी तो नियम तीनदा वाचला. वयाची अट कोठेही नव्हती.

हा केवळ एका नियमातील योगायोग नाही. भाषणस्वातंत्र्य देणारे आपल्या राज्यघटनेचे १९ वे कलम नागरिकांविषयी बोलते आणि मूल हेही नागरिकच असते. १९७६ च्या दुरुस्तीने घटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली. त्यांत नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे हे एक आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा, असे सांगितले. म्हणजे कर्तव्य सांगितले, विषयही शिकवला. आता शिकलेली गोष्ट डोळ्यांसमोर मोडताना दिसली, तर ती बोलून दाखवू नका असे तुम्हांला कोणत्या तोंडाने सांगायचे?

जगाच्या पातळीवर हा हक्क अधिक स्पष्टपणे लिहिला गेला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार स्वीकारला आणि ११ डिसेंबर १९९२ रोजी भारत त्यात सामील झाला. कराराचे १२ वे कलम लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिला असा, की ज्या मुलाला स्वतःचे मत बनवता येते, त्याला आपल्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत ते मोकळेपणाने मांडता आले पाहिजे. दुसरा भाग मोठ्यांसाठी आहे. मुलाचे वय आणि समज पाहून त्या मताला योग्य ते वजन दिले पाहिजे. नुसते ऐकून ‘शाब्बास’ म्हणणे पुरेसे नाही. तेराव्या कलमात माहिती मागण्याचा, मिळवण्याचा व इतरांना देण्याचा हक्क आहे.

पर्यावरणाच्या संदर्भात या कलमांचा अर्थ काय, हे राष्ट्रसंघाच्या बालहक्क समितीने ऑगस्ट २०२३ मध्ये एका स्वतंत्र टिपणात सांगितले. ते तयार करताना १२१ देशांतील मुलांकडून १६,३३१ उत्तरे आली होती. मुलांच्या हक्काविषयीचे टिपण मुलांना विचारून लिहिले गेले, हे योग्यच झाले.

तासाला पंचवीस हेक्टर

कागदावरचा हक्क प्रत्यक्षात कसा वापरला जातो? यासाठी आपण फिलिपाइन्सला जाऊ. तेथे १९९० साली चाळीसहून अधिक मुलांच्या वतीने एक खटला दाखल झाला. मुले अज्ञान असल्यामुळे आईवडिलांनी त्यांच्यातर्फे सह्या केल्या. (न्यायालयात दावा लावताना आपल्याकडेही असेच करावे लागते. साधी तक्रार आणि दावा यांत हा फरक आहे.) काही मुलांचे वडील, अँटोनियो ओपोसा, हे स्वतःच वकील होते. मुलांचे म्हणणे असे, की सरकारने लाकूडतोडीचे परवाने रद्द करावेत आणि नवे देऊ नयेत. प्रतिवादी होते पर्यावरण खात्याचे मंत्री फॅक्टोरन.

मला या खटल्यातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्याच्या अर्जातील आकडे. रडगाणे नाही, आकडे. देशाची एकूण जमीन सुमारे ३ कोटी हेक्टर. १९८७ च्या उपग्रह छायाचित्रांत जुने, घनदाट वन उरले होते सुमारे १२ लाख हेक्टर, म्हणजे शेकडा ४. त्यानंतरच्या पाहणीनुसार ते साडेआठ लाखांवर आले होते. आणि तोडीचे परवाने दिलेले क्षेत्र किती? ३८ लाख ९० हजार हेक्टर! भागाकार करून पहा. जेवढे जुने वन उरले होते, त्याच्या साडेचार पट क्षेत्रावर तोडीची परवानगी होती. घागरीत एक तांब्या पाणी उरले असताना साडेचार तांब्यांचे वायदे करावेत, तसे हे झाले.

तोडीचा वेगही अर्जात दिला होता : वर्षाला सुमारे २ लाख हेक्टर, म्हणजे तासाला सुमारे २५ हेक्टर, रात्री, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरून. हा हिशेब बरोबर आहे का, हे तुम्हीच तपासा. वर्षाचे तास ८,७६०. दोन लाखांना त्यांनी भागले की २२.८ येतात. म्हणजे २५ हा आकडा थोडा वर सरकवलेला आहे, पण फार नाही. एक हेक्टर म्हणजे १०० मीटर लांब आणि तेवढीच रुंद जागा. २२.८ हाच आकडा धरला, तरी तुमची ३५ मिनिटांची एक तासिका संपते तोवर १३ हेक्टर वन गेलेले असे.

खालच्या न्यायालयाने १९९१ साली खटला काढून टाकला. मुलांचा कोणता कायदेशीर हक्क डावलला गेला हेच दिसत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. मुले सर्वोच्च न्यायालयात गेली. ३० जुलै १९९३ रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की समतोल आणि आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क देशाच्या घटनेतच आहे, आणि ही मुले स्वतःसाठी, आपल्या पिढीसाठी आणि अजून जन्माला न आलेल्या पिढ्यांसाठीही दाद मागू शकतात.

शेवटचा भाग पुन्हा वाचा. जे अद्याप जन्मलेच नाहीत, त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने मुलांना दिला. जगभरचे कायद्याचे अभ्यासक आजही हा निकाल शिकतात.

मात्र अर्धी गोष्ट सांगणे बरे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने परवाने स्वतः रद्द केले नाहीत. परवानेधारकांनाही खटल्यात आणून तो पुढे चालवा, असे सांगून प्रकरण खाली पाठवले. आणि तेथे तो खटला शेवटापर्यंत लढवला गेलाच नाही. मुलांना बोलण्याचा हक्क मिळाला, पण झाडांना त्या निकालाने थेट अभय मिळाले नाही. हक्क हे दार असते. त्यातून चालत जाण्याचे काम उरतेच.

मुलांनीच का बोलावे?

कोणी म्हणेल, मोठी माणसे बोलत असताना मुलांची भर कशाला? याची दोन उत्तरे विज्ञानातून मिळतात.

पहिले उत्तर काळाचे. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजला जात आहे. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ साली त्याची वार्षिक सरासरी सुमारे ४२५ भाग झाली. हा वायू धुरासारखा चार दिवसांत विरून जात नाही. आज सोडलेल्यातील काही भाग समुद्र व झाडे शोषून घेतात, पण बराचसा शतकानुशतके हवेत राहतो. आता एक साधी बेरीज करा. २०१० साली जन्मलेला मुलगा २०८० साली ७० वर्षांचा असेल. आज जे पन्नाशीत आहेत आणि निर्णय घेत आहेत, ते त्या वर्षी बहुधा नसतील. मीही नसेन. ज्यांना परिणाम सर्वांत अधिक काळ भोगायचा आहे, त्यांनाच मत नाही. मतपेटीचा हक्क अठराव्या वर्षी येतो, म्हणून त्याआधी बोलण्याचा हक्क अधिकच मोलाचा.

दुसरे उत्तर शरीराचे. मोठा माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो; नवजात बाळ ३० ते ६० वेळा. वजनाच्या मानाने पाहिले तर लहान मुलाच्या फुप्फुसांतून मोठ्यांपेक्षा अधिक हवा जाते, आणि हवेत जे मिसळलेले असेल तेही जाते. त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात. तीच हवा, पण इजा सारखी नाही.

याच आधारावर २०१५ साली दिल्लीतील तीन तान्ह्या मुलांच्या वतीने त्यांच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. फटाके आणि इतर कारणांनी दूषित झालेल्या हवेविरुद्ध तो होता. अर्जदारांना बोलताही येत नव्हते! ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांनाच परवानगी दिली आणि दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. आदेश कितपत पाळला गेला, हे प्रत्येकाने आपापल्या गल्लीत पाहिलेच आहे.

प्रत्येक वेळी यश येतेच असे नाही. केदारनाथचा २०१३ चा महापूर पाहिलेल्या उत्तराखंडातील रिधिमा पांडे हिने २०१७ साली, वयाच्या नवव्या वर्षी, हवामानबदलावर पुरेशी पावले उचलली जात नाहीत म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. जानेवारी २०१९ मध्ये तो निकाली काढण्यात आला. त्याच वर्षी तिच्यासह निरनिराळ्या देशांतील १६ मुलांनी बालहक्क समितीकडे पाच देशांविरुद्ध तक्रार केली. आधी आपापल्या देशांतील उपाय करून पहायला हवे होते, असे सांगून समितीने २०२१ साली ती दाखल करून घेतली नाही. पण त्याच निर्णयात समितीने एक गोष्ट मान्य केली : एका देशातून सुटलेल्या वायूंमुळे दुसऱ्या देशातील मुलांना होणाऱ्या हानीला पहिला देश जबाबदार धरला जाऊ शकतो. हरलेल्या डावातही एक गुण वहीत जमा झाला.

वही कशी लिहावी

आता पुन्हा त्या मुलीकडे वळू. प्रदर्शनानंतर चार दिवसांनी मी यंत्र घेऊन तिच्या शाळेत गेलो. आधी चुकल्याचे कबूल केले. मग मुख्याध्यापिकाबाईंच्या परवानगीने कामाला लागलो. मुलांनी टेप लावून अंतर मोजले. मंगल कार्यालयाचे फाटक शाळेच्या भिंतीपासून ६२ मीटरवर होते. म्हणजे ते १०० मीटरच्या आत होते.

पहिल्या दिवशी व्हरांड्यात घेतलेली नोंद मुलांनी मोठ्या उत्साहाने दाखवली : ८४ डेसिबल! मर्यादेपेक्षा ३४ ने अधिक. डेसिबलचे माप साध्या पट्टीसारखे नसते. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहा पट होते. त्या हिशेबाने ३४ म्हणजे जवळजवळ अडीच हजार पट. मुले खूश झाली.

मी विचारले, “हा आकडा किती वेळ टिकला?” कोणी बोलेना. मग ती मुलगीच म्हणाली, “सर, एकदाच आला. ताशा फाटकापाशी आला तेव्हा.”

नियमातील मर्यादा ही काही काळाच्या सरासरीची असते, क्षणाच्या उसळीची नव्हे. म्हणून पुढच्या लग्नाला आम्ही दर १० सेकंदांनी एक, अशा १५ मिनिटांत ९० नोंदी घेतल्या. आता सरासरी काढायची, तर येथेही एक गंमत आहे. ६० आणि ८० डेसिबल यांची सरासरी ७० नव्हे. ८० ची तीव्रता ६० च्या शंभर पट. म्हणून १ आणि १०० यांची सरासरी, म्हणजे ५०.५ पट, घ्यायची आणि तिचे पुन्हा डेसिबल करायचे. उत्तर येते सुमारे ७७. साधी सरासरी काढली असती तर मुलांनी आपलेच नुकसान करून घेतले असते, आणि नुसता उच्चांक लिहिला असता तर समोरच्याचे. वही दोन्ही बाजूंनी सरळ हवी.

हिशेब झाला. वाजंत्री असताना ७१ डेसिबल, आणि सुटीच्या दिवशी वाजंत्री नसताना ५३. हा दुसरा आकडा मुलांना लिहावासा वाटत नव्हता, कारण रस्त्यावरच्या वाहनांमुळे शांतता क्षेत्राची मर्यादा तशीही ओलांडलेली होती. “हे लिहिले तर ते म्हणतील, आवाज काय नेहमीचाच आहे,” एक मुलगा म्हणाला. मी म्हटले, लिहा. जो आकडा आपल्या विरुद्ध जातो तोही लिहिला, तरच बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. त्यांनी लिहिले. ७१ म्हणजे मर्यादेच्या वर २१, तीव्रतेत सव्वाशे पट. अडीच हजारांपुढे हा आकडा लहान दिसतो, पण तो कोणीही येऊन पुन्हा मोजावा. तेवढाच भरेल.

अर्ज एका पानाचा झाला. अंतर, तारखा, वेळा, नोंदींचा तक्ता, नियमाचा क्रमांक, आणि एकच मागणी : शाळेच्या वेळात १०० मीटरच्या आत वाजंत्री नको. लग्ने बंद करा असे कोणी म्हटले नाही. कार्यालयात अर्ज घेणाऱ्या गृहस्थांनी विचारले, “बरोबर मोठे कोणी नाही का?” मी मागे उभा होतो. पुढे होणार, तोच ती मुलगी म्हणाली, “आहेत. पण अर्ज आमचा आहे.” आणि तिने नियमातील तो शब्द बोट ठेवून दाखवला. पोच मिळाली.

पुढे काय झाले? मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांना समज मिळाली. वाजंत्री चौकातच थांबू लागली. तीन लग्ने शांततेत गेली. चौथ्या लग्नाला पुन्हा ताशा फाटकापर्यंत आला. मुलांनी पुन्हा वही काढली.

मित्रहो, तुमच्या शाळेजवळ मंगल कार्यालय नसेल. ओढ्यावर फेस येत असेल, कचरा जळत असेल, खडी यंत्राची धूळ पिकांवर बसत असेल. रोज एकाच वेळी, एकाच जागी उभे राहून काय दिसते ते लिहा. मोबाइलवरच्या मापकावर एकदम विसंबू नका. जवळच्या महाविद्यालयातील यंत्राशी तो आधी ताडून पहा. धोक्याच्या जागी एकटे जाऊ नका, आपल्या शिक्षकांना सांगा. कोणी मोठा माणूस तुमच्या तोंडी स्वतःचे भांडण घालत असेल, तर नाही म्हणा. न बोलण्याचा हक्कही तुमचाच आहे.

आणि शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. उद्या एखादा विद्यार्थी असा प्रश्न घेऊन आला, तर माझे पहिले उत्तर देऊ नका. यंत्र द्या, आणि मोजायला शिकवा.